तळाचा भात

सुट्टीचा दिवस होता. सकाळचा चहा झाला होता आणि त्या घरात राइस कुकर घ्यावा की नाही यावर बोलणं चाललं होतं.

विषय सुनेने काढला होता. ती सहा महिन्यांची गरोदर होती. भात शिजला की जड पातेलं फडक्याने धरून मोरीत तिरकं करायचं आणि झाकण किंचित सरकवून वरचं पाणी काढून टाकायचं, ही त्या घरातली रीत. त्या वाफेत हल्ली तिच्या डोळ्यांपुढे अंधारी यायची. एवढंच तिने सांगितलं आणि पुन्हा ओट्याकडे वळली.

"आमच्या वेळी कुठे होते कुकर?" सासूबाई म्हणाल्या. "दोन पोरं पोटात असताना ह्याच पातेल्यात भात केला मी. पातेलंही आहे, मीही आहे."

"आई, पातेल्याला तरी विचार," धाकटा म्हणाला. तो औषधांच्या दुकानात कामाला होता आणि घरात हसवायचं काम त्याच्याकडे होतं. "ते कंटाळलं असेल गं."

मोठा, म्हणजे सुनेचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करायचा. "वीज फार नाही खात," तो म्हणाला. "पण रोज लागणार का, ते बघायला हवं."

सासरे गोदामात वजनकाट्यावर बसून निवृत्त झाले होते. कुठलीही गोष्ट तोलल्याशिवाय ते होकार देत नसत. "वस्तू आधी वापरून बघावी," ते म्हणाले. "मग ठरवावं."

तोडगा शेजारच्या, कपडे शिवून देणाऱ्या शिलाईकाकूंनी काढला. त्या बहिणीकडे निघाल्या होत्या. जाताना आपला कुकर त्यांनी ह्यांच्या ओट्यावर आणून ठेवला. "मी येईपर्यंत वापरा. आवडला तर नवा घ्या. नाही आवडला तर मला नावं ठेवा." मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "तू अशी काय गं पांढरी पडलीस?"

"झोप नाही होत, काकू," सून म्हणाली.

हे घर वाईट माणसांचं नव्हतं. ते आत्ताच सांगितलेलं बरं, कारण वाईट माणसांची गोष्ट वाचली की आपण निवांत होतो. इथे कोणी तिच्यावर हात उगारला नव्हता, माहेरून काही आणायला सांगितलं नव्हतं. धाकटा तिला हसवायचा. नवरा तिच्यासाठी गजर होण्याआधी उठून पाणी भरायचा. फक्त एक पद्धत होती. आधी चौघे जेवत. सून वाढत असे. सगळ्यांचं झालं, ताटं उचलली, पुसून घेतलं की ती आत एकटी जेवायची. काय जेवायची, ते कोणी पाहिलेलं नव्हतं. तसं बघायची पद्धत नव्हती.

ती पातेल्याचा तळ जेवायची. भाताचा खालचा थर करपून चिकटून बसे. ती त्यावर गरम पाणी ओतून झाकून ठेवी आणि मग कालथ्याने खरवडून घेई. त्याच्याबरोबर कालवणाच्या भांड्याला जे लागलेलं असेल ते. वर थोडा मऊ भात उरला असेल तर तो दिवस चांगला. लग्न झाल्यापासून ती त्या थरावर जगत होती. तो थर कोणी तिला दिलेला नव्हता, म्हणून कोणी काढूनही घेऊ शकत नव्हतं, असं तिला वाटायचं.

पहिल्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः तांदूळ मोजले. कुकरबरोबर मापाचा एक कप होता. तो त्यांना फार आवडला. माणशी एक कप, असे त्यांनी चार कप घातले, पाण्याची रेघ वाकून वाकून तपासली आणि बटण दाबून स्टूल ओढून समोर बसले.

"बाबा, ते काय पळून जाणारे?" धाकटा म्हणाला.

"तू गप. प्रयोग चाललाय."

भात सुरेख झाला. शीत न् शीत मोकळं. धाकट्याने नेहमीपेक्षा जास्त घेतला. मोठ्याने मान डोलावली. सासूबाईंनीही कबूल केलं की करपल्याचा वास नाही.

मग सून आत गेली आणि तिने कुकरचं झाकण उघडलं. भांडं रिकामं होतं. नुसतं रिकामं नव्हे, लख्ख. तळाला काही चिकटलं नव्हतं. भांड्याला चिकटू न देणारा काळा लेप होता आणि त्यात तिला स्वतःचा चेहरा अंधुक दिसत होता. कडेला दोन शितं होती. ती तिने बोटाने उचलली. त्या दुपारी ती चहात बिस्किटं बुडवून जेवली.

एक दिवसाचं आहे, असं तिने मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशीही भांडं तसंच लख्ख होतं. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांचं लक्ष नाही असं बघून तिने मूठभर तांदूळ वाढवले. पाणी कमी पडलं आणि भात कच्चा राहिला.

"मापाला कोणी हात लावला?" सासऱ्यांनी विचारलं. रागावून नाही. चुकलेलं वजन शोधावं तसं.

"मी," ती म्हणाली. "चुकून."

पुढे मापाचा कप सासऱ्यांच्या खुर्चीशेजारच्या कपाटात राहू लागला.

तुम्ही म्हणाल, बोलायचं की सरळ. आपल्याला भूक लागते हे घरात सांगणारी सून कशी असते, ते ती लहानपणापासून ऐकत आली होती. तरी एकदा ती बोलली. नवरा बूट घालत होता.

"भात पुरत नाही हल्ली," ती म्हणाली.

"कोणाला?" त्याने लेस बांधता बांधता विचारलं. "आम्हाला तर पुरला."

त्याचं खोटं नव्हतं. ती दाराची चौकट धरून उभी राहिली. तो जिना उतरून गेला.

तिच्या पायांना सूज आली होती. नखं कागदासारखी झाली होती. पोटातलं बाळ आधी दुपारी लाथा मारायचं, ते हल्ली शांत असायचं. एकदा सासूबाई पाणी प्यायला आत आल्या तेव्हा ती कुकरच्या झाकणाला आतून जमलेली चिकट पेज बोटाने पुसून चाटत होती. दोघींची नजरानजर झाली. सासूबाईंनी पेला भरला, पाणी प्यायल्या आणि बाहेर गेल्या. त्यांना कळलं नाही असं नाही. सून होत्या तेव्हा पातेल्याचा तळ त्यांनीही खरवडून खाल्लेला होता.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "कुकर चांगला आहे. एक शीत वाया जात नाही." कुकर घ्यायचं नक्की झालं.

पुढच्या सुट्टीला सगळे दुकानात गेले. वापरणार सून, म्हणून तिलाही नेलं. दुकानदार बोलका होता. त्याने लहानमोठे कुकर मांडले आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार," सासरे म्हणाले. मोठाही त्याच वेळी "चार" म्हणाला.

दुकानदाराने बोटाने मोजलं. "मला तर पाच दिसतात, काका. आणि सहावं वाटेवर आहे."

"वहिनी धरायच्या नाहीत," धाकटा हसत म्हणाला. "त्या नंतर जेवतात."

"नंतर काय जेवतात?"

धाकट्याचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यात आता काही नव्हतं. दुकानदार सुनेकडे वळला. "ताई, तुम्हीच सांगा. वापरणार तुम्ही. कुठला देऊ?"

"कुठलाही चालेल," ती म्हणाली. "मला कसलंही चालतं."

असं म्हणून ती शेजारच्या खोक्यावर बसायला गेली आणि खोक्यासकट खाली पडली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या. मग चौघांकडे वळून विचारलं, "शेवटचं काय जेवली ही?"

चौघे भिंतीला लागून उभे होते. सासऱ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी जमिनीकडे. धाकट्याने मोठ्याकडे.

"जेवली असेल," मोठा म्हणाला.

"असेल म्हणजे? तुम्ही एकाच घरात राहता ना?" बाई म्हणाल्या. "अंगात रक्त नाही हिच्या. हे चार-आठ दिवसांचं नाही. ही कधीपासून अर्धपोटी आहे?"

बाळ आधी गेलं. मग रक्तस्राव सुरू झाला, तो थांबला नाही. संध्याकाळपर्यंत तीही गेली.

माणसं आली, बसली, गेली. शिलाईकाकू परतल्या. त्यांनी आपला कुकर उचलून नेला. मग एका दुपारी घरात फक्त चौघे उरले. सासूबाईंनी जुन्या पातेल्यात भात लावला. तीन ताटं वाढली, तिघांपुढे ठेवली आणि आत गेल्या.

मोठ्याने घास उचलला. आतून आवाज आला. कर्र, कर्र. पातेल्याच्या तळावर कालथा घासल्याचा. हा आवाज त्याने लग्नानंतर रोज ऐकला होता. भांडी घासायला घेतली असतील, असं त्याला रोज वाटलं होतं.

तो उठून आत गेला. आई दाराकडे पाठ करून बसली होती. पातेलं मांडीजवळ तिरकं होतं.

"आई, हे काय करतेस?"

"जेवते."

"बाहेर का नाही बसलीस? इतके दिवस बसायचीस ना?"

"ती होती तेव्हा बसायचे," आई म्हणाली. "आता आत बसायला दुसरं कोण आहे?"

त्याने तिच्या हातातला कालथा काढून घेतला. तिने तो आधी सोडला नाही. मग सोडला. त्याने तिला हाताला धरून बाहेर आणलं आणि आपल्या जागेवर बसवलं. स्वतः उभा राहिला.

"बाबा, आपल्या घरात माणसं किती?"

सासऱ्यांनी घास ताटात परत ठेवला. धाकट्याने नाक पुसलं.

"आजपासून ह्या घरात सगळ्यांची ताटं एकदम मांडायची," मोठा म्हणाला. "ह्या धाकट्याच्या लग्नाचं बघाल तेव्हा मुलीच्या घरी हे मी सांगणार. आणि आपल्याकडे काय झालं, तेही सांगणार. नंतर जमलं लग्न तर जमलं."

"लोकांना कशाला सांगायचं?" आई म्हणाली.

"भुकेने मेली ती, आई. आपण जेवत होतो तेव्हा."

भात चौघांना पुरणार नव्हता. सासरे उठले. त्यांनी तांदळाचा डबा काढला, वाटी घेतली आणि ओट्यापाशी उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी बायकोला जे कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"तुला किती लागतो गं भात?"

तिने विचार केला. सून आल्यावर बाहेर बसायला लागली, तरी ती मुलांना वाढून झाल्यावर उरेल तेवढंच आपल्या ताटात घेत आली होती. तिने पुन्हा विचार केला. सगळे तिच्याकडे बघत होते.

"मला नाही माहीत," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

सासऱ्यांनी वाटी भरली. मग आणखी एक. भात शिजेपर्यंत तिघे पुरुष वाढलेल्या ताटांना हात न लावता थांबले. भाताला किती वेळ लागतो, ते त्यांना त्या दुपारी कळलं.

हा प्रश्न तुमच्या घरातही विचारून बघा. उत्तर लगेच येणार नाही. तरी विचारा. ज्याला विचारायचं ते माणूस घरात आहे, तोवरच विचारता येतं.