आळशी डोळ्याची राखण

अंबूबाईनं नातीच्या डोळ्यावरची पट्टी ओढून काढली आणि सुनेच्या देखत चुलीत टाकली. पट्टी म्हणजे काय, कापसाची घडी आणि वर चिकटपट्टी. बघता बघता जळून गेली. द्वारकी आधी गाल चोळत रडली, मग आजीकडं बघून हसली. एक डोळा आजीवर, दुसरा नाकाकडं वळलेला.

"चांगला डोळा झाकायचा आन् वाकडा उघडा ठेवायचा," अंबूबाई म्हणाली. "ह्ये कुठलं औषध गं सुंदरे? एक पाय मोडला म्हून दुसरा बांधून ठेवतात का?"

कडावच्या त्या आळीत अंबूबाईला चूक म्हणणारं एक माणूस नव्हतं. सुंदरानं नवी पट्टी घेतली, पोरीला गुडघ्यांत धरलं आणि उजवा डोळा पुन्हा झाकला. पोरीनं तिच्या मनगटाला चावा घेतला.

द्वारकीचा डावा डोळा रांगायला लागल्यापासून आत वळलेला होता. घरात त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तिरळी पोर घराला लाभते, असं अंबूबाई म्हणायची, आणि द्वारकीच्या जन्मानंतर दारची गाय व्याली होती, त्यामुळे बोलायला जागाच नव्हती. सुंदराला मात्र चैन नव्हतं. तिच्या बापाचा, जैतूचा, एक डोळा लहानपणापासून अधू होता. उरलेल्या चांगल्या डोळ्याला कापणीत भाताचं पातं लागलं, वर फूल पडलं, आणि पुढं म्हातारा मरेस्तोवर ओटीवर बसून 'कोन आलं?' एवढंच विचारत राहिला. ते तिनं पोरवयात बघितलं होतं.

कर्जतला महिन्यातून एकदा मुंबईहून कर्णिक डॉक्टर यायचे. ते फक्त पोरांचेच डोळे बघत. सुंदरा पोरीला कडेवर मारून तिकडं गेली. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, बत्ती मारून आत बघितलं, पेन्सिल इकडून तिकडं फिरवली. मग उजवा डोळा हातानं झाकून बोटं दाखवली. द्वारकीनं बोटं सांगितली नाहीत. ती हात पुढं करून आईला चाचपायला लागली. इतकी वर्षं पोर एकाच डोळ्यानं जगत होती आणि जन्म देणारीला त्याचा पत्ता नव्हता.

"डोळा शाबूत आहे, बाई," डॉक्टर म्हणाले. "त्याला कामाची सवय लागलेली नाही. जोडीतला एक बैल सगळं ओढतो, म्हणून दुसरा नुसता बाजूनं चालतो. ओढणारा काही महिने बसवून ठेवा, दिवसभर पट्टीखाली. तिरळेपण यानं जाणार नाही, त्याचं पुढं ऑपरेशन करू. आधी नजर यायला हवी. सात-आठ वर्षांची झाली की हा डोळा शिकायचा नाही."

द्वारकीला सहावं सरत आलं होतं.

तिरळेपण जाणार नाही, इथंच सगळं अडलं. बाहेरून बघणाऱ्याला पट्टीचा गुण दिसायचा कसा? शेजारपाजारच्या बाया येऊन पोरीचं तोंड उचलून बघत आणि डोळा होता तसाच आहे म्हणून मान हलवत. पट्टी लावली की पोर उंबऱ्याला अडखळे, ताटातली भाजी सोडून ताटाबाहेर हात घाली. पोरं तिला खेळायला घेईनात. नवरा पदू भिवपुरीच्या वीजघरात मजुरीला होता, आठवड्यानं घरी यायचा. त्यानं दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि आईला दुखवू नको म्हणून बायकोलाच सांगितलं.

तरी सुंदरा रोज सकाळी पट्टी लावून मगच शेतातलं तण काढायला, बेणणीला जायची आणि संध्याकाळी येऊन पट्टी जागच्या जागी बघायची. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी बोटं दाखवली. पोरीनं अंदाजपंचे सांगितली.

"दिवसभर असते ना पट्टी?"

सुंदरानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

"मग एव्हाना थोडं तरी दिसायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

त्या आठवड्यात तिच्या पायात काटा मोडला आणि ती दुपारीच घरी परतली. ओटीवर आजी-नात सागरगोटे खेळत होत्या. द्वारकीचे दोन्ही डोळे उघडे होते आणि पट्टी शेजारी पाटावर होती, चिकटायची बाजू वर करून नीट ठेवलेली. समोरच्या अंगणात शेजारची धोंडूबाई गेल्या सालचं भात उन्हाला घालत होती. ती सुंदराला बघून घरात निघून गेली, आणि सुंदराला सगळं कळलं. अख्ख्या आळीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या तिला.

अंबूबाईनं लपवाछपवी केली नाही. "तू गेलीस का काढते," ती म्हणाली. "पोर आंधळ्यावानी चाचपडते ती मला बघवत नाय. तुला कशी बघवते?"

"मलाबी नाय बघवत, आत्याबाई," सुंदरा म्हणाली. "पन मी माझा बा बघितलाय."

भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. राघू आणि रानडुकरं दोन्ही टपलेली. दरवर्षी राखणीला गडी ठेवत. त्या वर्षी सुंदरा म्हणाली, मी जाते. मडकी, तांदूळ, गोधडी आणि पोर घेऊन ती डोंगराकडच्या खाचरात खोपट करून राहिली. पदूनं एकदा येऊन बघितलं. घरात म्हातारी जेवत नाही, असं सांगून तो निघून गेला. वाटेनं जाणाऱ्या बाया पूर्वी थांबून तंबाखू मागायच्या. आता मान खाली घालून जाऊ लागल्या. पोरीचा डोळा बांधून तिला रानात डांबलीय, असं कुणी तरी म्हणालं ते वाऱ्यानं तिच्या कानापर्यंत आणून पोचवलं.

त्याहून वाईट म्हणजे द्वारकी तिच्याशी बोलेना. मागितलं तर पाणी देई, निजताना पाठ करून निजे. दिवसभर राखणीच्या माळ्यावर बसून सुंदरा राघूंना हाकारे घालायची, आणि तेवढाच काय तो तिचा आवाज तिच्या कानी पडायचा. माणसांत राहून एकटं पडणं तिला सोसलं होतं. पण पोटची पोर हाताच्या अंतरावर असून परकी झाली, ते तिला सोसवेना. कितीदा तिचा हात पट्टीकडं गेला आणि मागं आला.

डॉक्टरांनी बारीक काम द्या म्हणून सांगितलं होतं. सुपात तांदूळ घेऊन ती पोरीला त्यातले सालासकट राहिलेले भाताचे दाणे निवडायला बसवी. पहिले दिवस पोर रडे आणि सूप उलथून देई. मग नुसतीच बोटं फिरवत बसे. मग हळूहळू निवडू लागली, खरं निवडते की हाताला लागेल ते काढते, हे सुंदराला कळत नव्हतं. विचारलं तर उत्तर मिळत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस पोर सूप बाजूला ठेवून उठली. खालच्या बांधाकडं बघत राहिली. लांबून कुणी बाईमाणूस येत होतं.

"आजी येतेय," द्वारकी म्हणाली. "आये, आजी लंगडते का गं?"

सुंदरानं निरखून बघितलं. अंबूबाईच होती, डोक्यावर टोपली, आणि खरंच एका पायानं लंगडत होती. दोन्ही डोळे धड असून सुंदराच्या ते ध्यानात आलं नव्हतं. पोरीनं ते चांगल्या डोळ्यावर पट्टी असताना, वाकड्या डोळ्यानं बघितलं होतं.

द्वारकी आजीच्या दिशेनं धावत सुटली. बांध वळला तशी वळली आणि आजीच्या कमरेला जाऊन बिलगली. अंबूबाईनं टोपली उतरवली. तिचा हात सवयीनं पोरीच्या पट्टीकडं गेला.

"आजी, पाय कशानं दुखावला?"

"तुला कोनी सांगितलं?"

"दिसलं की. पार तिकडनं दिसलं."

म्हातारी पोरीच्या तोंडाकडं बघत राहिली. मग धावताना सुटलेली पट्टीची कड तिनं अंगठ्यानं दाबून पुन्हा चिकटवली. एकदा वर खोपटाकडं बघितलं. टोपलीतल्या भाकऱ्या काढून दगडावर ठेवल्या.

"आजीसंगं घरी जाऊ?" द्वारकीनं ओरडून विचारलं. कितीतरी दिवसांनी तिनं आईला काही विचारलं होतं.

"जा," सुंदरा म्हणाली.

भात कापायला अजून अवकाश होता, त्यामुळे सुंदराला जाता येत नव्हतं. ती उभी राहून बघत राहिली. पोरगी एकदा तरी मागं वळेल असं तिला वाटत होतं. ती वळली नाही. म्हातारीचा हात धरून ती पुढं चालली होती, आणि तिचा आवाज वरपर्यंत येत होता. "हितं दगड हाय, आजी. हितं चिखल हाय, हिकडनं ये."

सुंदराला रडू आलं. असं सुख उभ्या जन्मात झालं नव्हतं, आणि ते सांगायला जवळ कुणी नव्हतं. राघूंचा थवा भातावर उतरला, तशी ती डोळे पुसून माळ्यावर चढली आणि हाकारे घालू लागली.