कॅमच्या पुलीवरची लाल खूण

स्वप्नालीची दोन सीटांची स्पोर्ट्स कार हायवेवरून गॅरेजकडं वळली आणि नुसता आवाज ऐकूनच नाथाजीच्या कपाळावर आठी चढली. इंजिन मधूनच एखादा ठोका गिळत होतं. दसऱ्याला याच गाडीला नवा टायमिंग बेल्ट घालून त्यानं ती सांगलीला पाठवली होती. तेव्हाही ती जरा थरथरत होती, पण ‘नवा बेल्ट आहे, कॉम्प्युटरला सवय होऊ दे’ अशी थाप त्यानं मारली होती आणि स्वतःलाही ती पटवून दिली होती.

“मिस्त्री, सवय व्हायची वाट बघून मी थकले,” स्वप्नाली उतरत म्हणाली. ती सांगलीत घरांचे नकाशे काढायची आणि मिलिमीटरचा घोटाळाही तिला खपत नसे. “चढाला दम टाकते. रविवारी कोल्हापूरला ट्रॅकवर न्यायचीय मला. सांगलीत गॅरेजला दाखवली, तर ते म्हणतात मिसिंग आहे, ठोका चुकतोय, ज्यानं टायमिंग केलं त्यालाच विचारा.”

“संध्याकाळपातुर देतो,” नाथाजी म्हणाला. ती कराडात मैत्रिणीकडं गेली आणि नाथाजीच्या मनात एकच नाव आलं. अमृत.

अमृत अठरा वर्षं त्याच्या हाताखाली होता. खरं तर हाताखाली कसला, बरोबरीनंच. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता तो म्हणाला होता, “दादा, पाटणला गाळा बघितलाय. दिवाळीपासनं माझं सोताचं चालू करावं म्हणतो.” नाथाजी “कर की” म्हणाला खरा, पण त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. तेव्हापासून अमृत फोनवर बोलायला बाहेर गेला तरी नाथाजीला वाटायचं, माझी गिऱ्हाइकं फोडतोय. अमृत वेळेआधी आला तरी वाटायचं, काहीतरी बघून ठेवायला आलाय. संशयाचं असंच असतं, एकदा घरात शिरला की तो स्वतःच जागा करून घेतो.

आणि या गाडीचा बेल्ट नाथाजीनं बसवला असला, तरी तो ताणून वरचं कव्हर बंद केलं होतं अमृतनं.

आज अमृत अर्ध्या दिवसाची रजा टाकून पाटणला गेला होता, गाळ्याचं पक्कं करायला. नाथाजीनं स्कॅनर लावला. मिसिंग एका सिलिंडरचं नव्हतं, कधी पहिला, कधी तिसरा. तरी त्यानं कॉइल अदलाबदल करून बघितल्या, प्लग काढून उन्हात धरले. सगळे चांगले. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजलं. चारही सिलिंडर सारखेच कमी भरले. एखादाच कमी असता तर झीज म्हणता आली असती. चौघे एकदम आजारी पडत नसतात. झडपा उघडणारा कॅम जागचा हलला होता, बेल्ट एक दात चुकला होता.

“माझ्या हातनं दात चुकतोय व्हय?” तो मोठ्यानंच म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं. जाता जाता माझं नाव मातीत घालायचं आणि पाटणला आपली पाटी लावायची, असा हा डाव! कव्हर उघडून बघण्याइतकाही धीर त्याला धरवला नाही. त्यानं गाळ्याचे मालक आप्पासाहेब यांना फोन लावला. आप्पासाहेबांच्या दोन्ही गाड्या त्याच्याकडंच यायच्या.

“आप्पासाहेब, अमृत आलाय न्हवं तुमच्याकडं? सावध ऱ्हावा म्हणून सांगतो, पोराचा हात सरळ न्हाई. माझ्या गिऱ्हाइकाच्या इंजिनात मुद्दाम खोडी करून गेलाय. बाकी तुमी शाणं हायसा.”

फोन ठेवल्यावर त्याला बरं वाटलं. बरं वाटलं, हे त्याला नंतर फार दिवस खुपलं.

दुपारी जेवण झाल्यावर त्यानं कव्हर उघडलं आणि चक्रावला. कॅमच्या पुलीच्या दातावरचा लाल ठिपका इंजिनावरच्या खाचेसमोर बरोबर उभा होता. कंपनीची खूण या इंजिनात झिजून गेली होती, म्हणून बेल्ट काढण्याआधी नाथाजी नेहमीप्रमाणं बायकोच्या लाल नेलपॉलिशनं खूण करायचा. बेल्ट निघाला की कॅम थोडा सरकतोच, मग ती खूण बघून तो पुन्हा जागेवर आणायचा. खूण जागेवर आणि टायमिंग चुकलेलं? म्हणजे मूळ खूण पुसून अमृतनं दुसऱ्या दातावर नवी केली! केवढं डोकं म्हणायचं. नाथाजीला राग तर आलाच, पण मनातून थोडा धसकाही बसला.

तेवढ्यात त्याची आई हरणाबाई चहा घेऊन आली. मागंच घर होतं. तिनं पदरानं नाक धरून इंजिनात डोकावलं.

“आजून हाय बग माजी पूजा,” ती कौतुकानं म्हणाली.

“कसली पूजा?”

“आरं, खंडेनवमीला न्हाई का? पान्यांस्नी लावलं, जॅकला लावलं, ह्या गाडीचं त्वांड उघडंच हुतं, मंग ह्या चाकालाबी लावलं. कुकू तेलात कालीवलंवतं, लोखंडाला धरत न्हाई म्हणून.”

त्या लाल ठिपक्याला खेटून पुढच्या दातावर पिवळा डाग होता. तो नाथाजीला बेल्ट बसवतानाही दिसला होता. ‘आईची हळद’ म्हणून त्यानं तो सोडून दिला होता.

“आयं, तू हितं नुसती हळद लावलीस न्हवं?” त्यानं पिवळ्या डागावर बोट ठेवलं.

“नुसती हळद कोण लावतंय रं येड्या? हळदीशेजारी कुकू नगं?”

नाथाजीनं चिंधी घेऊन लाल ठिपका पुसला. तो एका बोटासरशी निघाला आणि चिंधी लाल झाली. मग त्यानं पिवळा डाग पुसला. हळद गेली आणि खालून नेलपॉलिश वर आली, जशीच्या तशी. कुंकवाला आपली खूण समजून त्यानंच कॅम एक दात चुकवून लावला होता. अमृतनं फक्त बेल्ट ताणून झाकण घातलं होतं.

त्यानं घाईघाईनं फोन हातात घेतला, तोच अमृतची मोटरसायकल दारात थांबली. त्याचं तोंड उतरलं होतं.

“न्हाई झालं दादा. आप्पासाहेब सकाळी व्हय म्हणत हुतं, मग एकदम फिरलं. कुणीतरी कान भरलं त्यांचं.” त्यानं घमेल्यात हात धुतले, सवयीनं कामाला लागायला. “तुमी एक फोन करा की. तुमचा सबूद ते मोडायचं न्हाईत.”

मागं जाऊन गुपचूप फोन केला असता तर सगळं निस्तरलं असतं. आप्पासाहेब कधी बोलले नसते आणि अमृत जन्मभर उपकार मानत राहिला असता. नाथाजीच्या मनात हे आलं नाही असं नाही. मग त्याची त्यालाच शिसारी आली. त्यानं अमृतच्या समोरच नंबर लावला.

“आप्पासाहेब, सकाळी मी अमृतबद्दल बोललो ते खोटं हुतं. त्याचा हात सोन्यासारखा हाय. इंजिनात चूक मीच केलीवती. गाळा त्याला द्या.”

पलीकडून आवाज आला, तो अमृतलाही ऐकू गेला. “नाथाजी, तुझ्याच बोलण्यावर दुसऱ्याला देऊन टाकला की रं. विसाराचं पैसं बी घेतलं.”

अमृत इंजिनाशी आला. त्यानं नेलपॉलिशची खूण बघितली, चिंधीवरचा लाल डाग बघितला आणि पाना घेतला. बेल्ट सैल केला, कॅम एक दात मागं आणला, बेल्ट ताणला, इंजिन हातानं दोन फेरे फिरवून खूण परत तपासली. नाथाजी शेजारी उभा होता.

गाडी पहिल्याच किल्लीला चालू झाली. एकही ठोका चुकत नव्हता.

अमृतनं हात पुसले. “झाली गाडी, मिस्त्री,” तो म्हणाला. अठरा वर्षांत त्यानं नाथाजीला दादाशिवाय दुसरी हाक मारली नव्हती.