हॉर्नकडे दुर्लक्ष

औद्योगिक पट्ट्यातल्या दिव्यांगांसाठी सरकारनं जी सल्लागार समिती नेमली, तिच्यात एक बाई असावी आणि एक कर्णबधिर असावा, असा नियम होता. विजयश्री ओव्हाळ दोन्ही होती. तिला घेतलं की एकाच खुर्चीत दोन्ही कामं उरकत होती. म्हणून तिला घेतलं.

पहिल्या बैठकीला ती चाकणच्या कंपनीतून सकाळची शिफ्ट संपवून थेट पिंपरीला गेली. इस्त्री केलेली साडी पिशवीतून नेली होती, ती कंपनीच्या बाथरूममध्येच नेसली. दारात गुच्छ मिळाला, फोटो निघाला. मग लांबलचक टेबलाभोवती सगळे बसले आणि बोलू लागले. अध्यक्ष अण्णासाहेब हनुवटी छातीला टेकवून बोलत, वर त्यांच्या मिशा ओठांवर उतरलेल्या. बाकीच्यांचे कुणाचे हात तोंडापुढे, कुणाच्या तोंडात बिस्किट. विजयश्रीला ओठ थोडेफार वाचता येत, पण प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात, आणि टेबलाच्या त्या टोकाचं तर काहीच दिसत नाही. बैठक संपेपर्यंत ती हलणारे जबडे बघत राहिली. शेवटी शेजारच्या बाईंनी कागदावर लिहून दाखवलं, 'विशेष काही नाही. नंतर सांगू.'

नंतर कुणी सांगितलं नाही. बैठकीचं इतिवृत्त मात्र घरपोच आलं. त्यात लिहिलं होतं की सर्व सदस्यांशी सविस्तर चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर झाले. ते वाचून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. न विचारता तिचं मत घेऊन झालं होतं.

विजयश्री बहिरी होती, गरीब स्वभावाची नव्हती. लहानपणी शाळेत खुणा करू नयेत म्हणून मुलांना हात मांडीखाली दाबून बसायला लावत. ती शिक्षकांची पाठ फिरली की हात काढायची, छडी खायची आणि पुन्हा काढायची. आता ती गाड्यांच्या वायरिंगच्या लाइनवर कामाला होती आणि तिचे हात तिथल्या कुणाहीपेक्षा भराभर चालत. कामात चालत आणि बोलण्यातही चालत.

रविवारी संध्याकाळी भोसरीच्या उड्डाणपुलाखाली चहाच्या टपरीपाशी या पट्ट्यातली बहिरी मंडळी जमतात. तिथं उजेड चांगला असतो आणि बहिऱ्या माणसाला गप्पा मारायला उजेड लागतो. समाधान तिथलाच. जालन्याकडचा, भोसरीत खोली घेऊन राहणारा, चाकणच्या एका दुसऱ्या कंपनीत स्टोअरला. नकला करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या पावसाळ्यात एक दिवस खोकी उचलणारी फोर्कलिफ्ट गाडी मागं येत असताना समाधान तिच्याकडे पाठ करून खोकी मोजत होता. ड्रायव्हरला मागचं दिसत नव्हतं, त्यानं हॉर्न दिला आणि गाडी रेटली. समाधानचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

विजयश्री करिष्माला घेऊन दवाखान्यात गेली. करिष्मा ऐकणारी, पण तिचे आई-वडील दोघंही बहिरे. बोलायच्या आधी तिला खुणांची भाषा आली होती आणि आता ती दुभाषी म्हणून काम करायची. समाधाननं उशीखालून कंपनीच्या चौकशी अहवालाची प्रत काढून दिली. अपघाताचं कारण एकाच ओळीत होतं: कामगाराने हॉर्नकडे दुर्लक्ष केले.

विजयश्रीनं ती ओळ पुन्हा वाचली. समाधान हसत होता. त्यानं कानाला हात लावला, मग तोच हात तुटक्या पायाकडे नेला आणि खांदे उडवले. आयुष्यभर हॉर्नकडे दुर्लक्ष करत आलोय, असं त्याला म्हणायचं होतं. विजयश्रीला हसू आलं नाही.

उपाय काही अवघड नव्हता. तिच्या स्वतःच्या कंपनीत फोर्कलिफ्टच्या पुढंमागं निळे दिवे होते. गाडी येण्याआधी तिचा निळा ठिपका जमिनीवर सरकत येई आणि बहिऱ्यालाच काय, ऐकणाऱ्यालाही बाजूला व्हायला सांगे. सगळ्या कारखान्यांना असे दिवे लावायला सांगा, एवढा सल्ला समितीनं द्यावा. नाहीतर सल्लागार समिती कशाला म्हणायची?

दुसऱ्या बैठकीला ती करिष्माला सोबत घेऊन गेली. अण्णासाहेबांनी करिष्माला विचारलं की तुम्ही कोण, आणि मग म्हणाले की समितीची बैठक आहे, बाहेरच्या माणसाला बसता येत नाही. दुभाष्याची तरतूदही नाही. ओव्हाळबाईंनी काय ते लिहून द्यावं, आम्ही वाचू. करिष्मा बैठकभर बाहेर व्हरांड्यात बसून राहिली. विजयश्रीनं लिहून दिलं. कागद फायलीत गेला आणि चर्चा जागतिक दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमाकडे वळली. कुणाला शाल द्यायची, पाहुणे कोण, जेवणात काय.

मालोजी हे समितीतले जुने सदस्य होते, जन्मापासून आंधळे. बैठक सुटल्यावर ते काठी टेकत व्हरांड्यात आले आणि करिष्मामार्फत विजयश्रीशी बोलले. पोरी, तुझा विषय पुढच्या वेळी मी मांडतो, तुझ्या वतीनं. माझा आवाज मोठा आहे, असं त्यांचं म्हणणं.

विजयश्रीनं उत्तर दिलं आणि करिष्मानं ते जसंच्या तसं सांगितलं. "काका, माझ्या वतीनं बोलणारे जन्मापासून भेटतायत. तुम्ही फक्त हिच्यासाठी खुर्ची मागा. बोलीन मी."

मालोजींनी हात पुढं केला आणि तिचा हात सापडल्यावर तो घट्ट दाबला.

मालोजींनी खुर्ची मागितली. मिळाली नाही. उलट विजयश्रीला निरोप आला की यंदाच्या आदर्श दिव्यांग महिला पुरस्कारासाठी तुमची निवड झाली आहे.

तो निरोप तिनं पुलाखाली सगळ्यांना दाखवला. काहीजण म्हणाले नाकार, काहीजण म्हणाले घे आणि गप्प बस, कंपनीत त्रास होईल. विजयश्री म्हणाली, मी जाणार आहे, आणि तुम्हीही सगळे यायचं, पुढच्या रांगांत बसायचं.

कार्यक्रम चिंचवडच्या एका सभागृहात होता. शाळेतल्या मुलांनी खुणांच्या भाषेत स्वागतगीत केलं, त्याला पाहुण्यांनी भरभरून टाळ्या दिल्या. भाषणं झाली. तीही पुढच्या रांगांना कळली नाहीत, कारण ती खुणांत सांगायला कुणी नेमलेलंच नव्हतं. मग विजयश्रीचं नाव पुकारलं. तिला बोट दाखवून उठवण्यात आलं, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, फोटो झाला. आता ती खाली उतरेल म्हणून निवेदिका पुढच्या नावाकडे वळली.

विजयश्री उतरली नाही. तिनं शालीची घडी घालून ती टेबलावर ठेवली, शालीवर नारळ ठेवला, भाषणाच्या जागी गेली, माइक बाजूला सारला आणि बोलायला सुरुवात केली.

पुढच्या रांगांमध्ये सळसळ झाली. ती पहिली बैठक सांगत होती. छातीला टेकलेली हनुवटी, मिशा, बिस्किटं, सगळं तिनं असं उभं केलं की बहिरी मंडळी हसून हसून खुर्चीत मावेनात. पाहुण्यांनाही वाटलं काहीतरी गोड चाललंय. तेही हसले. अण्णासाहेबही हसले. मग तिचे हात सावकाश झाले. चेहरा बदलला. ती समाधानचं सांगू लागली, तशा पुढच्या रांगा स्तब्ध झाल्या. समाधान कुबड्यांवर उठून उभा राहिला. शेवटी सगळेच उभे राहिले आणि त्यांनी हात वर करून हलवले. बहिऱ्यांच्या टाळ्या अशाच असतात, त्यांना आवाज नसतो. मागच्या रांगांत बसलेल्या ऐकणाऱ्या लोकांना समोर फक्त हातांचं रान दिसत होतं.

अण्णासाहेबांना आता चैन पडेना. त्यांनी माइक हातात घेतला आणि त्या काय म्हणतायत ते कुणीतरी सांगा, असं दोनदा म्हटलं. करिष्मा दुसऱ्या रांगेत हात मांडीवर ठेवून बसली होती. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्यावर ती उठली.

"साहेब, मी बाहेरची आहे," ती म्हणाली. "आणि तुमच्याकडे दुभाष्याची तरतूद नाही."

तेवढ्यात व्यासपीठावरून मालोजींचा आवाज आला. माइकशिवायच शेवटपर्यंत पोचला. "अण्णासाहेब, मला दिसत तर नव्हतंच. आज ऐकूही येत नाहीये. तुमचं कसं चाललंय?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच हसले. अण्णासाहेबांनी घाम पुसला आणि करिष्माला वर बोलावलं. तिच्यासाठी खुर्ची आणायला सांगितली. विजयश्रीनं करिष्माला नीट बसू दिलं आणि मगच पुढचं बोलली. आता ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"चाकणच्या कारखान्यात एका बहिऱ्या माणसावर फोर्कलिफ्ट चढली. त्याचा पाय गेला. अहवालात लिहिलंय की त्यानं हॉर्नकडे दुर्लक्ष केलं. तो बहिरा आहे हे कंपनीला ठाऊक होतं, बहिरा म्हणूनच घेतला होता. दुर्लक्ष त्यानं केलं नाही. मी समितीत हेच मांडायला गेले होते. मला लिहून द्या म्हणालात, दिलं. वाचलंत?"

अण्णासाहेब म्हणाले की हा कार्यक्रम आहे, बैठक नाही, हे बोलायची ही जागा नव्हे.

"बैठकीत मी होते," विजयश्रीचं उत्तर आलं, "तुम्ही मला बोलू दिलं नाहीत. पुढच्या बैठकीत हिची खुर्ची असेल तर मी येईन आणि तिथं बोलीन. नसेल तर तुमच्या ठरावांवर एकमतानं असं लिहू नका. माझं मत तुम्हाला माहीतच नाही."

ती खाली उतरली. शाल आणि नारळ टेबलावरच राहिले.

दुसऱ्या दिवशी कंपनीत तिला वर बोलावलं. करिष्मा नव्हती, म्हणून साहेबांनी मोबाइलवर टाइप करून दाखवलं की समाजकार्य चांगलं आहे, पण कंपनीचं नाव कुठं यायला नको. तिनं टाइप केलं की तुमचे निळे दिवे चांगले आहेत, तेवढंच सांगते. तिची बदली दुसऱ्या लाइनवर झाली, ओळखीच्या बायकांपासून लांब. घरी येऊन तिनं आईला सांगितलं. मंजुळाबाईंना खुणांची भाषा कधी धड आली नाही, घरगुती चार खुणांवर मायलेकींचं निभायचं. त्यांनी पोरीच्या हनुवटीखाली बोट घातलं आणि तिची मान वर केली. त्यांच्याकडे सांगायला एवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं.

अण्णासाहेब मात्र बरेच दिवस जिथं तिथं सांगत राहिले की बाई उर्मट आहे. पण कार्यक्रमाचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर पसरला होता. पुढच्या बैठकीत करिष्मासाठी खुर्ची होती, आणि विजयश्री तासभर बोलली. निळ्या दिव्यांचा सल्ला मंजूर झाला. सल्लाच तो, हुकूम नव्हे. काही कारखान्यांनी दिवे लावले, बऱ्याच जणांनी समितीच्या पत्राला उत्तरही दिलं नाही. त्यांची नावं विजयश्री दर बैठकीत पुन्हा पुन्हा काढते, आणि अण्णासाहेब दर बैठकीत घड्याळ बघतात.

समाधानच्या कंपनीनं आधी नाही म्हटलं. समितीनं पाहणीला यायचं ठरवल्यावर मग दिवे लागले आणि अहवालातली ती ओळही बदलली. माफी कुणी मागितली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला समाधान नकली पाय लावून कामावर रुजू झाला. एका जागी बसून हलकं काम करा, असं त्याला सुचवलं होतं. त्यानं स्टोअरच मागितलं.

त्या दिवशी विजयश्री आणि करिष्मा समितीबरोबर पाहणीला तिथं होत्या. समाधान खोक्यांच्या रांगांमधून येत होता. समोरून निळा ठिपका जमिनीवर सरकत त्याच्या बुटापाशी आला. समाधाननं तो पाहिला. बाजूला व्हायला जागाही होती. तो झाला नाही. वाटेच्या मधोमध उभा राहून तो ड्रायव्हरकडे बघत राहिला. शेवटी ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, गाडी थांबवली आणि हातानं, तू जा, अशी खूण केली.

मग समाधान निघाला, सावकाश, लंगडत, गाडीच्या समोरून.