अंधाराचा सराव

डॉक्टरांनी काचबिंदू आहे असं सांगितलं तेव्हा वहिनीनं एवढंच विचारलं, "किती दिवस?"

डॉक्टर म्हणाले, तसं सांगता येत नाही. गेलेली नजर परत येणार नाही, पण थेंब नेमानं घातले तर आहे ती बराच काळ टिकेल. काहींची जन्मभर टिकते. वहिनीनं त्यातलं "परत येणार नाही" तेवढं घरी आणलं.

वहिनी रफूचं काम करायची. दुकान तिच्या सासूबाईंचं. त्या गेल्या, मग नवराही गेला, आणि आता ती आणि तिची थोरली नणंद अशा दोघी ते चालवत. नणंद काउंटर सांभाळायच्या, कपड्यांना चिठ्ठ्या लावायच्या, शेवटी इस्त्री करायच्या. त्या हिला वहिनी म्हणत, म्हणून गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणत. ही त्यांना वन्सं म्हणायची, म्हणून त्या गल्लीभर वन्सं झाल्या होत्या. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही त्यांना वन्सं म्हणत. त्यांची काही हरकत नव्हती.

डॉक्टरांकडून आल्यावर वहिनीनं सराव सुरू केला. डोळे मिटून दात घासायचे. डोळे मिटून जिना उतरायचा. चहासुद्धा डोळे मिटून गाळायचा. वन्संनी आधी कानाडोळा केला. भाजलेल्या बोटाला मलम लावून दिलं. कपाळावर टेंगूळ आलं तेव्हा "दाराला फार लागलं नाही ना?" एवढंच विचारलं. दुकानासमोरच्या झाडाला पालवी फुटली त्या सकाळी त्या म्हणाल्या, "अगं, बघ तरी." वहिनी म्हणाली, "थांबा, बटणं लावतेय," आणि डोळे मिटून बटणं चाचपत राहिली.

मग कोटाचा घोळ झाला.

चांगल्या रफूला बाहेरचा धागा चालत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून, धागे उपसायचे आणि भोकावर एकेक करून विणायचे. त्या दिवशी टेबलावर दोन कोट होते. एक बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्याचा, काळा. बाहीवर सिगारेटनं भोक पाडलेलं. दुसरा मुख्याध्यापकांचा, गडद निळा. कापड एकाच जातीचं, बोटांना फरक कळू नये असं. वहिनीनं धागे उपसले ते डोळे मिटून. विणताना डोळे उघडले खरे, पण दिव्याच्या पिवळ्या उजेडात गडद निळा आणि काळा सख्खे भाऊ दिसतात.

इस्त्रीआधी वन्सं काळा कोट घेऊन दारातल्या उजेडात गेल्या. बाहीवर बटणाएवढा निळा ठिपका होता.

"वहिनी, इकडे ये. हे काय आहे?"

"रफू."

"रंग सांग."

वहिनीनं पाहिलं. तिचा चेहरा पडला. "झाली सुरुवात," ती म्हणाली. "आता रंगही दिसेनात."

"दिसतायत की. त्याशिवाय का तोंड उतरलं? धागे काढताना डोळे उघडे होते?"

वहिनी तो ठिपका नखानं खरवडू लागली.

"म्हणजे रोगानं यात काही केलेलं नाही. त्याच्याआधी तूच आंधळी होऊन बसलीस. त्या बिचाऱ्याला काही काम शिल्लक ठेव."

"तुम्हाला चेष्टा सुचतेय. उद्या ही सुई सुटली तर मी काय तुमच्या इस्त्रीवर जगू?"

"जग की. मी इतकी वर्षं तुझ्या सुईवर जगले, ते तू कधी बोलून दाखवलंस का?"

वहिनीनं कोट ओढून घेतला. तो संध्याकाळी द्यायचा होता. क्लॅरिनेटवाल्याचा कार्यक्रम होता. ती उसवायला बसली. रफू खेचून उसवता येत नाही, मूळ कापडही सोबत येतं. एकेक धागा सोडवावा लागतो. पहिलाच धागा दोनदा सुईवरून निसटला. "होणार नाही," ती म्हणाली. "आज नाही झालं तर पुढच्या वर्षी काय होणार आहे."

वन्संनी एका खोक्याचं झाकण घेतलं, कात्रीनं त्यात बारीक फट पाडली आणि ते बाहीवर ठेवलं. फटीतून दोन-तीन धागे तेवढे दिसत होते. सासूबाई नव्या हाताला असंच शिकवत. अख्खं भोक बघितलं की सुई घाबरते, असं त्यांचं म्हणणं.

"मी काय शिकाऊ आहे?"

"आज आहेस. काय दिसतंय?"

"निळा धागा."

"वर आहे की खाली?"

"वर."

"मग उचल."

वहिनीनं उचलला. झाकण केसभर सरकवलं. पुढचा उचलला. मध्येच तिचा हात थांबला.

"वन्सं, समजा दोन वर्षांनी—"

"फटीत दोन वर्षं दिसतायत का?"

"नाही."

"काय दिसतंय?"

"काळा. जरासा विरलाय."

"मग त्याचं बोल."

वहिनी त्याचं बोलू लागली. निळे धागे संपले, काळे उपसून झाले, विणणं सुरू झालं. हा खाली, हा वर, याला पीळ कमी आहे. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की हा काळा नुसता काळा नाही. कोपराकडे उन्हानं त्याला तपकिरी झाक आणली होती, आणि उजेडाच्या बाजूला बारीक लव उभी होती. असं कापड तिनं जन्मभर पाहिलं होतं. गेल्या काही दिवसांत मात्र पाहिलंच नव्हतं. भीती गेली नव्हती. ती गिऱ्हाइकासारखी बाकावर बसून होती; फक्त तिचा नंबर आला नव्हता.

क्लॅरिनेटवाला आला तेव्हा वन्सं बाहीवर इस्त्री फिरवत होत्या. त्यानं कोट दारात नेला, एक बाही बघितली, मग दुसरी.

"भोक कुठे होतं?"

"शोधा," वहिनी म्हणाली.

"मला तर काहीच दिसत नाही."

"डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता देऊ का?"

वन्संना इस्त्री खाली ठेवावी लागली. त्या हसता हसता स्टुलावर बसल्या, आणि क्लॅरिनेटवाला, आपण एवढं काय बोललो ते न कळल्यामुळे, सभ्यपणे हसून गेला. मुख्याध्यापकांना वहिनीनं झालेला प्रकार स्वतः सांगितला. त्यांच्या शिवणीत धागे भरपूर उरले होते. ते म्हणाले, "म्हणजे आमचा कोट बँडमध्ये जाता जाता राहिला."

दुकान आवरताना वहिनी म्हणाली, "सराव मी सोडणार नाही. लागेल कधीतरी."

"सोड कोण म्हणतंय? रविवारी कर, चहानंतर तासभर. जिन्यावर मी हात धरीन. बाकीचे दिवस डोळे उघडे."

"आणि थेंब?"

"ते रोज. त्यांना रविवार नाही."

वहिनी हसली. तिला आभार मानायचे होते, पण या घरात आभार मानायची पद्धत नव्हती; कुणी मानले असते तर दुसरीनं कपाळाला हात लावून ताप बघितला असता. म्हणून ती नुसती वन्संकडे बघत राहिली. दारातून येणारा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता. भुवयांत पांढरे केस आले होते. डावी भुवई उजवीपेक्षा जराशी वर होती, म्हणूनच त्या गंभीर असतानाही थट्टा करतायत असं वाटायचं.

"काय बघतेस?"

"तुमच्या हनुवटीवर तीळ आहे. इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आला नाही."

वन्संनी आरशात बघितलं. "कसला तीळ. चिठ्ठ्या लिहिताना शाई लागलीय." त्यांनी पदराचं टोक ओलं केलं.

"राहू द्या जरा," वहिनी म्हणाली. "बघू द्या."