काउंटरवरचा लाल रंग

दार उघडायच्या आधीच वाबळे डॉक्टरांच्या तपासणी केंद्राची पायरी माणसांनी भरून जायची. कुणाच्या हातात लघवीची बाटली, कुणाचा ताप उतरत नाही, कुणी उपाशीपोटी साखर तपासायला इंदापुराहून पहिल्या एसटीनं आलेलं. आत गोंधळ असा, की एकाची बाटली दुसऱ्याच्या नावावर जायची. सांगवीच्या एका म्हाताऱ्याला तो गरोदर असल्याचा अहवाल मिळाला, तेव्हा सगळी बारामती हसली आणि डॉक्टरांना संगणक आठवला.

ते सत्त्याण्णव साल होतं. काम अंजलीकडे आलं. ती कन्हेरीची, पुण्यात संगणकाची पदवी घेऊन परतलेली. पहिले काही दिवस तिनं संगणकाला हातच लावला नाही. काउंटरजवळ स्टूल टाकून ती नुसती नकोशीकडे बघत बसायची. नकोशी काउंटर सांभाळायची. चौथी पोर झाली म्हणून आईबापानं ते नाव ठेवलं, आणि कुणालाच ते बदलावंसं वाटलं नाही.

"बाई, हितं चुकीचं बटन दाबलं तर मशिन जळंल का वं?" नकोशीनं भीतभीत विचारलं.

"जळलं तर ती माझी चूक. तुमची नाही," अंजली म्हणाली.

याच एका वाक्यावर तिनं सगळा प्रोग्रॅम बांधला. पेशंटचं नाव एकदाच लिहायचं. त्याचा नंबर बाटलीवर चिकटवायचा. तो नंबर जुळल्याशिवाय पुढची पायरी उघडणारच नाही. पडद्यावर सगळं मराठीत, ठसठशीत अक्षरांत. पंधरवड्यात नकोशी एका हातानं चहा पीत दुसऱ्या हातानं नोंदी करू लागली. बाटल्यांची अदलाबदल थांबली आणि अंजलीला पहिल्यांदाच आपल्या शिक्षणाचा अभिमान वाटला.

मग एक दिवस डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. वाबळे डॉक्टर मोठे सज्जन गृहस्थ. केंद्राच्या भिंतीवर त्यांनी मुलीला कडेवर घेतलेल्या आईचं भलंमोठं चित्र लावलं होतं, आणि नवरात्रात ते मोठ्या भक्तीनं कुमारिकांचे पाय धूत.

"एक बारकं काम राहिलंय," ते म्हणाले. "सोनोग्राफी झाली की मी आतून कळ दाबीन. सगळं ठीक असलं तर काउंटरचा पडदा हिरवा व्हावा, पुन्हा तपासावं लागणार असलं तर लाल. अडाणी लोक आहेत. रंग लगेच कळतो."

अंजलीला ते पटलं. एका दुपारीत तिनं ते करून दिलं.

महिन्याभरानं ती प्रिंटर बघायला आली होती. काउंटरसमोर लोणी देवकरची ठमाबाई उभी होती, शेजारी तिची सून रेश्मा. रेश्माला दोन मुली होत्या, आता तिसऱ्यांदा दिवस गेलेले. पडदा लाल झाला. ठमाबाईनं पदर खोचला.

"चल. झालं बघून."

"आत्याबाई, डागदर काय म्हणलं?"

"म्हणायचं काय त्यात? डोळं फुटल्यात का तुजं?"

रेश्मानं पडद्याकडे पाहिलं, दोन्ही हात पोटावर धरले आणि खाली मान घालून सासूमागं गेली.

"हे काय होतं?" अंजलीनं विचारलं.

"तुमाला ठावं न्हाय व्हय?" नकोशी चमकली. "तुमीच केलंय, मला वाटलं ठावं असंल. हिरवं म्हंजी पोरगा. आन् लाल म्हंजी..."  ती स्वतःच्याच नावाशी अडखळली.

अंजली तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"मी तोंडानं काही बोललो का? कागदावर काही लिहिलं का?" डॉक्टर हसले. "कायदा म्हणतो, सांगायचं नाही. मी सांगतच नाही. अगं, तिसरी मुलगी झाल्यावर त्या बाईचे घरात काय हाल होतात ते तुला ठाऊक नाही. मी तिचे हाल वाचवतो."

"तो रंग मी आत्ता काढणार."

"प्रोग्रॅमच्या फ्लॉपी माझ्या कपाटात आहेत आणि प्रोग्रॅम माझा आहे. जरा विचार कर. तुमच्या लोकांतल्या पोरीला एवढं काम इथं दुसऱ्या कुणी दिलं असतं?"

दुसऱ्या दिवशी अंजली एसटीनं लोणी देवकरला गेली. ठमाबाईच्या दाराला कुलूप होतं. ओट्यावर दोन मुली बसल्या होत्या. थोरली म्हणाली, "आयला दवाखान्यात नेलंय."

कुठल्या दवाखान्यात, ते शेजारपाजारच्या कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. रेश्मा परत आली ती जीपमध्ये, चादरीत गुंडाळून. रक्त थांबलं नव्हतं. दैवानं नेली, असं ठमाबाईनं रडून सांगितलं आणि लोकांनीही ते सोयीनं मानलं. दहावा व्हायच्या आत रेश्माच्या नवऱ्यासाठी, युवराजसाठी, स्थळांची चर्चा सुरू झाली.

थोड्याच दिवसांत इंदापुरात डॉक्टर मंडळींचा सहकुटुंब मेळावा होता. वाबळ्यांना आपला संगणक मिरवायचा होता. "तू दाखव सगळं. फक्त रंगाचं वगळ," त्यांनी अंजलीला बजावलं. तिनं नुसती मान हलवली. पोरगी ताळ्यावर आली, असं त्यांना वाटलं.

मोठ्या पडद्यावर तिनं नोंद दाखवली, नंबर दाखवला, अहवाल दाखवला. टाळ्या पडल्या. मग तिनं ती कळ दाबली. पडदा लाल झाला.

"हाही मीच केलाय," ती माइकवर म्हणाली. "हिरवा म्हणजे मुलगा, लाल म्हणजे मुलगी. इतका सोपा, की कुणाला तोंड उघडावं लागत नाही. लोणी देवकरच्या रेश्माला लाल दिसला आणि आता ती नाही. उद्या मी आणि नकोशीबाई सरकारी कार्यालयात तक्रार देणार आहोत. हा प्रोग्रॅम मी पुन्हा कुणाला देणार नाही."

वाबळ्यांनी धावत जाऊन संगणकाची वायर उपटली. पडदा काळा झाला. सभागृहात कुणी खाकरलं, कुणी घड्याळ पाहिलं. बायकामुलींसमोर हा विषय कशाला, असं कुणीतरी पुटपुटलं. रेश्माचं नाव कुणी काढलं नाही.

दुसऱ्या रांगेतले एक डॉक्टर उठून अंजलीजवळ आले. तिला वाटलं, निदान एक तरी माणूस निघाला. ते वाकून अदबीनं कुजबुजले, "बाकीचं राहू द्या. ते रंगाचं तेवढं वेगळं मिळेल का?"

अंजलीनं क्षणभर त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे, कपाळावरच्या गंधाकडे, हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिनं माइक तोंडाशी नेला.

"हे डॉक्टर विचारतायत, ते रंगाचं तेवढं वेगळं मिळेल का. साहेब, आपलं नाव काय?"

साहेब मागं वळले. दुसऱ्या रांगेत त्यांची बायको उभी राहिली होती. तिच्या कडेवर झोपलेली मुलगी होती.

"सांगा की नाव," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा."