शेवटची मोटर आधी

"येवढंच म्हनायचं, दीपमालाबाई. 'मी हँडलले हात लावला नाई, डब्बा आपोआप जळला.' बस्स. पुढचं मी पाहून घेतो."

चहात साखर कमी टाका असं सांगावं, तितक्या सहज शिवमशेठ हे बोलला. बापानंतर मिल हाती आल्यापासून सगळं असंच सहज बोलायची त्याला सवय लागली होती.

दीपमाला तायडे केबिनच्या दाराशी उभी होती. साडीवर पुरुषी शर्ट, खिशात टेस्टर. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या या डाळमिलचं पॅनल तिच्या ताब्यात होतं. पॅनल म्हणजे झाडून साऱ्या मोटरी जिथून चालू-बंद होतात ती लोखंडी कपाटांची रांग. आज ती रांग गप्प होती, आणि मिल गप्प असली की मालकाच्या तोंडाला धार येते.

"अन् मी असं नाई म्हनलं तं?"

"तं मंग चूक तुमची. उद्यापासून पॅनल सोडा, पट्ट्यावर बसा निवडायले. मोटरीवर माहा मेव्हना पिंटू बसते."

पट्टा म्हणजे मिलचं शेवटचं टोक. तिथे बाया दोन्ही बाजूंनी उभ्या राहून सरकत्या डाळीतले खडे, काळे दाणे टिपतात. दिवसभर टरफलाची धूळ नाकातोंडात. दीपमालाची उमेदीची वर्षं त्याच पट्ट्यावर गेली होती, आणि तिथून तिला पॅनलवर आणलं ते आधी पॅनल सांभाळणाऱ्या दाऊद मिस्त्रीने. त्या दिवशी मिलमध्ये हसू पिकलं होतं. बाईमाणूस मोटर चालवणार म्हणे! दाऊद मिस्त्री विडी विझवून एवढंच म्हणाला होता, "मोटर को क्या मालूम, बटन किसने दबाया."

त्याने तिला दोन गोष्टी घोटून शिकवल्या. पहिली, रांगेतली शेवटची मोटर आधी चालू करायची, मग तिच्या अलीकडची, आणि रांगेतली पहिली सगळ्यांच्या शेवटी. नाहीतर आलेला माल थांबलेल्या मशीनवर पडून तुंबतो. दुसरी, दिवा मंदावला की समजायचं व्होल्टेज पडलं. मग विचार करत बसायचं नाही, हँडल खाली ओढायचं. विचार करणाऱ्याची मोटर जळते. या दुसऱ्या धड्याने दीपमालाने किती मोटरी वाचवल्या याची गणती कोणी ठेवली नव्हती, पण "मोटरवाली बाई" हे नाव तिला मिळालं ते त्यामुळेच. दिवा जरा मलूल झाला की तोंडातला घास तोंडातच राही आणि हात हँडलवर जाई.

यंदा कहकशाँ आली. अमरावतीत शिकलेली, मूर्तिजापूरहून येऊन-जाऊन करणारी, यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीची इंजिनिअर पोरगी. तिने मोठ्या मोटरींना ड्राइव्ह बसवले. मोटरीला झटक्याने न उठवता हळूहळू वेग देणारे, माल पाहून वेग कमीजास्त करणारे डबे ते. कोणतं मशीन कधी चालवायचं याचं वेळापत्रकही तिने संगणकावर आखलं. सफाई सकाळी, चक्की दुपारी वीज स्वस्त असते तेव्हा, आणि दोन दांडग्या मोटरी एकदम कधीच उठणार नाहीत. दीपमालाला आधी राग आला, मग काम पटलं. सोपं झालेलं काम अवघड होतं असं म्हणायला ती काही वेडी नव्हती.

"तुम्हाला यात काही हवंय का ताई?" कहकशाँने विचारलं होतं.

"पट्ट्यावर एक बटन पायजे. बायाईनं हाव म्हनल्याबिगर मोटर उठाले नाई पायजे."

त्याला कारण होतं. दीपमाला पॅनलवर येण्याआधीची गोष्ट. इंदूबाई पट्ट्याखालची अडकलेली डाळ काढत होती, तिकडून कोणीतरी बटण दाबलं, आणि इंदूबाईचं बोट गेलं. ऑफिसने तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, मशीन ठणठणीत आहे, बाईनेच हात घातला. कहकशाँने ऐकून घेतलं आणि पट्ट्याच्या टोकाला हिरवं बटण बसवलं. ते दाबल्याशिवाय आता पॅनलवरून एकही मोटर उठत नव्हती. शिवमशेठ कुरकुरला, पण बटण राहिलं.

आणखी एक गोष्ट कहकशाँने बजावून सांगितली होती. "व्होल्टेज पडलं तरी हँडल ओढू नका. ड्राइव्ह स्वतःला सांभाळतो. पटापट बंद-चालू केलं, तर मात्र तो जळेल." दीपमालाने मान हलवली होती. पण मान वेगळी आणि हात वेगळा. काल दुपारी दिवा मंदावला, आणि हाताने डोक्याला विचारलंच नाही. बंद. दिवा उजळला, चालू. पुन्हा मंदावला, बंद. पुन्हा चालू. डब्यातून धूर निघाला तेव्हा कुठे तिला कहकशाँचं बोलणं आठवलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ शाबूत राहिला आणि लाखाचा डबा जळून गेला.

दार ढकलून कहकशाँ आत आली. तिने डबा उघडून पाहिला होता. हात काळे झाले होते.

"मॅडम, तुमचा माल खराब निघाला," शिवमशेठने तिला बसूही दिलं नाही. "आमच्या बाईनं हात बी लावला नाई. नवा डब्बा फुकट द्या. नाई तं तुमच्या कंपनीले फोन लावून सांगतो का पोरीले काम येत नाई. सांगा वो दीपमालाबाई."

कहकशाँचा चेहरा उतरला. डबा मेला होता, कधी बंद-चालू झाला याची त्यातली नोंद वाचता येत नव्हती. आता या बाईच्या तोंडून जे निघेल तेच खरं ठरणार होतं.

दीपमाला काही धुतल्या तांदळाची नव्हती. रेशनच्या रांगेत, सासूपुढे, वेळ पडली तेव्हा तिने बिनदिक्कत थापा मारल्या होत्या. पॅनल तिला जिवापेक्षा प्यारं होतं. एक वाक्य बोललं की वाचत होतं. पण तिला इंदूबाई आठवली. तेव्हा मशीन साळसूद आणि बाई गुन्हेगार. आज बाई साळसूद आणि मशीन गुन्हेगार. मालकाच्या सोयीने बाईचा हात कधी मशीनमध्ये असतो, कधी नसतोच! तिचं डोकं सणकलं.

"हँडल मीच ओढलं," ती म्हणाली. "दोनदा. डब्बा चांगला होता."

"ताई! किती वेळा सांगितलं होतं मी तुम्हाला!" सुटका झाली तरी कहकशाँ तिच्यावरच भडकली.

"सांगतलं होतं. चुकली मी." मग ती शिवमशेठकडे वळली. "पन एका चुकीनं पॅनल सोडत नसते कोनी. तुमच्या पिंटूनं गाडी ठोकली तं गाडी काढून घेतली का त्याची?"

"पॅनल काय तुमच्या बापाचं हाये?"

"माह्या बापाचं कायीच नव्हतं शेठ. म्हनून तं जे माह्या हातानं कमावलं, थे सोडवत नाई."

"पट्ट्यावर जा, नाई तं घरी जा!"

"पट्ट्यावर जाईन. घरी तं नाईच जात. अन् रोज इचारीन, माह्यी जागा कवा देता."

तिने खिशातला टेस्टर काढून पाहिला आणि परत खिशात ठेवला. तो मिलचा नव्हता, दाऊद मिस्त्रीने दिलेला होता.

बाहेर कहकशाँने तिला गाठलं. "तुम्ही हो म्हटलं असतं, तर माझं काम गेलं असतं."

"मंग च्या पाज," दीपमाला म्हणाली. तिने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, आणि दोघी टपरीकडे गेल्या.

नवा ड्राइव्ह आला, कहकशाँने तो बसवला. पिंटू पॅनलसमोर खुर्ची टाकून बसला. पट्ट्याच्या टोकाला, हिरव्या बटणापाशी, तोंडाला रुमाल बांधून दीपमाला उभी राहिली. अंगात तोच पुरुषी शर्ट. शेजारी इंदूबाई.

पिंटूने पॅनलचं बटण दाबलं. काही उठलं नाही. त्याने पुन्हा दाबलं, मग ओरडला. दीपमाला वाकून पट्ट्याखाली बघत होती. एका बाईची ओढणी लोंबत होती, ती तिने खोचायला लावली. सावकाश. शिवमशेठ तणतणत आला.

"कावून थांबून राहिले? माल पडून हाये सारा!"

"शेठ, माह्यी जागा कवा देता?"

"आधी बटन दाबा!" म्हणत तो पट्ट्यावर हात टेकून बटणाकडे झुकला. दीपमालाने बटणावर पंजा ठेवला.

"हात वर करा वो साऱ्याजनी."

दोन्ही बाजूंचे हात वर गेले. इंदूबाईचा चार बोटांचा हातही वर गेला. दीपमालाने एकेक हात नीट पाहिला आणि नजर शिवमशेठवर आणली.

"तुमचाही."

"काय?"

"हात. पट्ट्यावर हाये तुमचा."

पिंटू खुर्चीतून उठून पाहत होता. शिवमशेठने बायांकडे पाहिलं, इंदूबाईच्या हाताकडे पाहिलं, आणि आपला हात पट्ट्यावरून उचलला.

"वर," दीपमाला म्हणाली.

त्याने हात वर केला. मग तिने बटण दाबलं, आणि नेहमीसारखी शेवटची मोटर आधी उठली.