सात वेढे आणि लाल ठिपका

दातांच्या डॉक्टरांनी ती जुनी दोन सीटची स्पोर्ट्स कार ट्रकवर लादून मिस्त्रीच्या गॅरेजात आणली, तेव्हा दुसरं लग्न ठरलेल्या माणसासारखं तेज त्यांच्या तोंडावर होतं.

"धुराचं सगळं लटांबर काढून टाका," ते म्हणाले. "हवेचा पंप, धूर परत इंजिनात ढकलणारा व्हॉल्व्ह, पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा, एकूण एक. रस्त्यावर नेणारच नाहीये. ट्रॅकवर पळवणार."

"गाडी पळेल हो," मिस्त्री म्हणाला. "तुमचं बघा."

गाडी वीस वर्षं एका बंद शेडमध्ये पडून होती. कुलूप इतकं गंजलेलं की कापावं लागलं. ते कापलेलं कुलूप डॉक्टर येईल त्याला दाखवत होते, उपटलेली दाढ दाखवावी तसं.

माझं सीटकव्हरचं दुकान गॅरेजला लागून, मधे नुसता पत्रा. सीट शिवायला मला दिल्या, म्हणून मी तिथेच मापं घेत बसलो होतो. माणसांची जमा-नावे मी मनात पक्की ठेवतो. मिस्त्रीच्या जमेला त्याचा हात, त्याची सबुरी आणि वहिनी. नावेलाही वहिनीच.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. गॅरेजही थोरल्याचंच. पंधरा वर्षांपूर्वी तो तलावात होडी घेऊन गेला आणि नुसती होडी काठाला लागली. सात वर्षांनी कागदोपत्री तो वारल्याचं ठरलं, तेव्हा धाकट्याने वहिनीशी लग्न केलं. त्यालाही आठ वर्षं झाली, पण तिला हाक काय मारायची याचा निकाल अजून लागलेला नाही. काम असलं की हा काहीतरी वाजवतो आणि ती येते.

सकाळी त्याने पंप उतरवला आणि पहिली रबरी नळी उपटली. नळीतून बेअरिंगचा छर्रा टपकन खाली पडला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला. मिस्त्री नळीकडे बघत राहिला.

"काय झालं रे?"

"दादाचं काम आहे."

नळीच्या तोंडाशी मेणाचा दोरा, मोजून सात वेढे, आणि गाठीवर नखांना लावतात त्या रंगाचा लाल ठिपका. थोरल्याची ही पद्धत मलाही ठाऊक होती. तो यंत्रणा काढायचा नाही. नळीत छर्रा घालून आतून बुजवायचा. तपासनिसाला सगळं जागच्या जागी दिसायचं आणि चालत काहीच नसायचं. ठिपका यासाठी, की गाठ मागाहून कुणी सोडली तर कळावं.

"मग एवढा पांढरा का पडलास?" मी म्हटलं. "वीस वर्षांपूर्वी गाडी इथे आली असेल. तू तेव्हा चहा आणायला गेला असशील."

तो हसला. जीव भांड्यात पडल्यासारखा हसला. मग सहज नळी उजेडाकडे फिरवली आणि हसू जागीच थांबलं. रबरावर कारखान्याचा छाप होता. याच वर्षाचा, दुसऱ्या महिन्याचा.

त्याने डॉक्टरांना फोन लावला. नळ्या बदलल्यात का? "छे हो!" पलीकडून आवाज आला. "मला बॉनेट उघडायचं कसं तेच माहीत नाही."

मिस्त्रीने फोन ठेवला. "हिला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "तो जिवंत असला, तर मी कोण? तिचा दीर."

मी टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली. हिशेब कुठूनही मांडला तरी जुळेना. थोरला परत आला म्हणावं, तर न कापलेल्या कुलपातून आत शिरला कसा?

मिस्त्री मात्र कामाला भिडला. वहिनी जेवणाचा डबा घेऊन यायच्या आत सगळं भंगारात घालायचं होतं. दुसरी नळी, तिसरी, पाचवी. प्रत्येकीत छर्रा, प्रत्येकीवर सात वेढे. एरवी बोल्टाशी गप्पा मारत काम करणारा माणूस, पण त्या दिवशी पान्याचा तेवढा आवाज. शेवटची नळी कोळशाच्या डब्यामागे होती, हात पोचेना. तेवढ्यात वहिनी दारात आल्या. त्याने ट्रेवर फडकं टाकलं.

"नखाच्या रंगाचा वास कसला येतोय?" त्यांनी विचारलं.

"थिनरचा असेल," मी म्हटलं. खोटं बोलायचा माझा हात बरा आहे.

त्यांनी डबा ठेवला आणि फडकं उचललं. पाचही नळ्या एकेक करून हातात घेतल्या. घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत. कपाळाला आठी तेवढी, विसरलेलं नाव आठवताना पडते तशी.

"गाठी त्यांच्या," त्या म्हणाल्या. "ठिपके माझे."

"तुझे?" मिस्त्रीच्या तोंडून 'तुझे' मी पहिल्यांदा ऐकलं.

"ठिपका देताना त्यांचा हात थरथरायचा, म्हणून मीच द्यायचे. मी डावरी ना, ब्रश उचलला की शेपूट अशी वळते. बघा." खरंच, प्रत्येक ठिपक्याला एकाच बाजूला बारीक शेपूट होती.

"कधी दिलेस? यंदाच्या नळ्या आहेत या."

"ते मला काय माहीत? ती बाटली मी पंधरा वर्षांत उघडलेली नाही. मी कुठे जाते, कुठे येते, तुम्हाला ठाऊक आहे." मग माझ्याकडे वळून, "आणि यांना तर जास्तच."

ते खरं होतं. वहिनींचा माझा हिशेब स्वच्छ होता: घर, बाजार, गॅरेज, घर.

"शेवटची राहिलीय," मिस्त्री म्हणाला.

"सरका." त्यांचा हात बारीक. कोळशाच्या डब्यामागे सहज गेला, नळी सुटली. हात बाहेर काढला तर बोटाच्या टोकाला लाल लागलेलं. ओलं.

त्या बोटाकडे बघत राहिल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, मी नाही हो."

आठ वर्षांनी भाऊजी! मिस्त्रीने मान खाली घातली, पेट्रोलचा बोळा घेतला आणि त्यांचं बोट पुसून दिलं. विश्वास ठेवल्यासारखं पुसलं. मला तरी तसंच वाटलं.

गाडी संध्याकाळी सुरू झाली, छान गुरगुरली. डॉक्टर खूश होऊन ती ट्रकवर चढवून घेऊन गेले.

तेव्हापासून वहिनी गॅरेजात येत नाहीत. मिस्त्रीच जेवायला घरी जातो, पण वेळ ठरवून नाही. कधी अकराला, कधी दीडला, एकदा तर स्कूटरचं इंजिन उघडं टाकून सव्वादहालाच. मला न सांगता उठतो, गल्लीतून पायी जातो, चपला न वाजवता.

परवा मी विचारलंच. "काय रे, सापडतं काही?"

"दार उघडं असतं," तो म्हणाला. "ताट वाढलेलं असतं. केव्हाही जा."

"मग बरंच आहे की."

"वाफ येत असते रे त्यातून," तो म्हणाला. "केव्हाही जा."